मौलाभाईंचा खुबा

"ताई, तुमचं यंत्र आलं काय?"

मौलाभाईंना डाव्या कुशीवर वळवून पुढून-मागून उशांचा टेकू दिला होता. कमरेतल्या इंजेक्शननं त्यांचे दोन्ही पाय केव्हाच बधिर झाले होते. उजवा खुबा वर, त्यावर तपकिरी औषध फासलेलं, आणि छातीपासून पुढचे मौलाभाई हिरव्या पडद्यापलीकडं. त्यामुळं मला त्यांचा फक्त आवाज ऐकू आला.

"आलंय. इथंच माझ्या शेजारी आहे."

"मग आवाज मोठा ठेवा. मला बी ऐकू दे."

भूल देणाऱ्या गुजर मॅडम त्यांच्या उशाशी बसल्या होत्या. त्या हसल्या. "बघ गं वनिता. झोपेचं औषध देते म्हटलं तर नको म्हणतात. ऑपरेशन ऐकायचंय म्हणे यांना."

"आयुष्यभर ऐकायचंच काम केलंय मॅडम," मौलाभाई म्हणाले. "आज नेमकं कशाला झोपू?"

तेवढ्यात शिरोळकर सर हात धुऊन, कोपरं वर धरून आत आले.

ही गोष्ट दोन हजार पाच सालच्या डिसेंबरमधली. मिरजेच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात मी अस्थिरोग विभागात तिसऱ्या वर्षाची निवासी डॉक्टर होते. ते हॉस्पिटल आता राहिलेलं नाही. विभागात सगळे मुलगे आणि मी एकटी मुलगी, त्यामुळं पहिली दोन वर्षं मला प्लास्टर कापण्यापलीकडं फारसं काही मिळालं नव्हतं. तिसऱ्या वर्षी शिरोळकर सरांनी मला बोलावलं आणि प्रबंधाला विषय दिला. खुब्याचा सांधा बदलताना आजूबाजूच्या हाडातल्या रक्तप्रवाहाचं काय होतं, ते मोजायचं.

सर तेव्हा एक नवीन ऑपरेशन करू लागले होते. खुब्याचा सांधा म्हणजे कमरेच्या हाडातली वाटी आणि त्यात फिरणारा मांडीच्या हाडाचा गोळा. नेहमीच्या ऑपरेशनात हा गोळा मुळापासून कापून टाकतात आणि कृत्रिम बसवतात. सरांच्या नव्या पद्धतीत गोळा ठेवायचा, वरून तासून घ्यायचा आणि त्यावर धातूची टोपी घालायची. आम्ही तिला कॅप म्हणायचो. फायदा असा, की गोळा मोठाच राहतो, सहसा निखळत नाही, माणूस पुढं खाली बसू शकतो, मांडी घालू शकतो. अडचण एकच. ठेवलेला गोळा जिवंत राहायला हवा. त्याला रक्त पुरवणारी बारीक नळी मागच्या बाजूनं, स्नायूंच्या कडेनं वर चढते. आणि सांध्यात शिरायचं तर नेमके तेच स्नायू कापावे लागतात.

मग टोपीखालच्या हाडात रक्त राहतं किती? हा माझा प्रश्न. त्यासाठी पुण्याहून एक यंत्र मागवलं होतं. हाडाला बाहेरून बारीक भोक पाडायचं, त्यातून केसाच्या पिनेएवढा प्रोब गोळ्यापर्यंत सरकवायचा. त्याच्या टोकातून लेसरचा प्रकाश पडायचा आणि तिथलं रक्त किती वाहतंय त्याचा आकडा पडद्यावर यायचा. यंत्राला एक छोटा स्पीकरही होता. काम चालू असताना सरांना मान वर करून आकडे बघायला लागू नयेत म्हणून आम्ही तो चालू ठेवायचो. रक्त वाहत असलं की नाडीबरोबर फुगणारा-ओसरणारा सूं-सूं आवाज यायचा.

तोपर्यंत एकोणीस पेशंट झाले होते. मौलाभाई विसावे आणि शेवटचे.

मौलाअली शिकलगार, वय सेहेचाळीस. मिरजेत सतारी आणि तंबोरे बनवणाऱ्यांची अख्खी गल्लीच आहे, मौलाभाई त्यातले. भोपळा दोन्ही तळपायांत धरायचा, दांडी मांडीवर टेकवायची आणि दोन्ही हात मोकळे ठेवून कोरायचं, अशी त्यांची कामाची बैठक. खुबा झिजल्यामुळं ती बैठक दीड वर्षापासून मोडली होती. पहिल्यांदा दाखवायला आले तेव्हा सरांनी दुखण्याबद्दल विचारलं, तर म्हणाले, "दुखणं सोसंल हो. मांडी घालता येईल का तेवढं सांगा." सर म्हणाले, "कॅप घातली तर सहा महिन्यांत बसाल." तिथंच ठरलं.

प्रोबसाठी वेगळी संमती घ्यावी लागायची. मी वॉर्डात जाऊन केसपेपरच्या मागं चित्र काढून त्यांना समजावून सांगितलं. शेजारी त्यांची बायको, रशिदाभाभी, स्टुलावर बसून होत्या.

"हाडात रक्त असतं?" मौलाभाईंनी विचारलं.

"असतं की. हाड जिवंत असतं."

"मला वाटायचं लाकडासारखं असंल. वाळलेलं." जरा वेळानं म्हणाले, "आणि ते वाहताना आवाज होतो म्हणता?"

"यंत्र त्याचा आवाज करून ऐकवतं."

"मग आणा इकडं, सही करतो."

भाभी म्हणाल्या, "आधी पुरतं विचारून घ्या, मग सह्या करा." पण तोवर त्यांनी सही केली होती.

त्या सकाळी चिरा घेतल्यावर सरांनी आधी प्रोबचं काम उरकू दिलं. क्ष-किरणांच्या पडद्यावर बघत मी भोक पाडलं, प्रोब आत सरकवला आणि हात स्थिर धरला. दोन-तीन सेकंदांत आवाज आला. चांगला दमदार.

"हेच का माझं?" पडद्यामागून प्रश्न.

"हेच तुमचं."

"खर्जात आहे."

सरसुद्धा हसले. मी पहिला आकडा वहीत लिहून घ्यायला सांगितला. मग सरांनी स्नायू कापायला घेतले, आणि आवाज हळूहळू बारीक होत गेला. हे अपेक्षित होतं. एकोणीसच्या एकोणीस जणांत रक्त कमी झालं होतं. कुणाचं निम्म्यावर, कुणाचं त्याहून खाली. सांध्याभोवतीचं आवरण गोल कापलं तेव्हा आवाज आणखी उतरला. मग सरांनी पाय दुमडून आत वळवला, गोळा वाटीतून निसटून बाहेर आला, आणि स्पीकरमधून नुसती खरखर येऊ लागली.

आम्ही थांबलो. असं झालं की पाच मिनिटं थांबायचं, असा आमचा रिवाज होता. त्या पाच मिनिटांत प्रत्येकाचं थोडं तरी रक्त परत आलं होतं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत राहिले. पाच मिनिटं झाली. सहा झाली. मी प्रोब थोडा मागं घेतला, पुन्हा आत सरकवला. पडद्यावर शून्य.

"ताई," मौलाभाई म्हणाले, "बंद पडलं काय?"



"येईल परत," सर मला म्हणाले. "सिस्टर, पुढचं सामान द्या."

"सर, सात मिनिटं झाली. शून्य आहे."

"दिसतंय मला." त्यांनी आवाज खाली आणला. "वनिता, हा माणूस मांडी घालून बसायचं म्हणून या टेबलावर आलाय. कॅप नाही घातली तर तो आलाच कशाला? तुझ्या यंत्रानं किती वाहिलं की हाड जगतं आणि किती वाहिलं की मरतं, हे अजून कुणाला ठाऊक आहे का?"

"नाही सर."

"मग? संमतीच्या कागदावर दोन्ही ऑपरेशनं लिहिलीत. निर्णय माझा आहे."

त्यांचं चूक होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही. पण तेवढ्यात पुन्हा पडद्यामागून आवाज आला, "ताई?"

"गुजर मॅडम," सर म्हणाले, "त्यांना जरा झोपवा."

मॅडमनी ट्रेमधली सिरिंज उचलली, सलाइनच्या नळीला लावली. दाबली मात्र नाही. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. का पाहिलं, हे मी त्यांना नंतरही कधी विचारलं नाही.

"सर," मी म्हणाले, "ते जागे आहेत. त्यांना विचारू या ना."

पंचवीस वर्षांचा अनुभव असलेल्या सर्जनला भर ऑपरेशनात निवासी डॉक्टरनं असं म्हणायचं नसतं. सरांनी हातातलं अवजार ट्रेमध्ये ठेवलं. त्याचा आवाज मला अजून आठवतो, कारण त्यांनी ते आपटलं नाही, अगदी अलगद ठेवलं.

"तूच विचार. दोन मिनिटं. जखम उघडी आहे."

मी हात छातीशी धरून पडद्याच्या कडेला गेले आणि वरून वाकून पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदाच मला त्यांचा चेहरा दिसला. डोळे टक्क उघडे होते.

"मौलाभाई, नीट ऐका. तुमच्या गोळ्यात रक्त जातं ना, ते आत्ता थांबलंय."

"कशानं?"

"आम्ही सांधा उघडला त्यानं. उघडल्याशिवाय काम होत नाही, आणि उघडताना रक्ताची वाट तुटते. बाकीच्यांचं थोडं तरी परत आलं होतं. तुमचं अजून आलं नाही."

"येणारच नाही?"

"सांगता येत नाही."

"मग आता कसं?"

"दोन रस्ते आहेत. ठरल्याप्रमाणं तुमचाच गोळा ठेवून वर कॅप घालायची. पण रक्त आलं नाही तर आतलं हाड मरेल, आणि पुढं कधीतरी मोडेल. मग दुसरं ऑपरेशन. नाहीतर आत्ताच गोळा काढून पूर्ण सांधा घालायचा. त्याला रक्ताची गरज नाही."

"त्यात मांडी?"

"नाही. खाली बसायचंच नाही. कधीच."

"आणि कॅप टिकली तर?"

"तर बसाल."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं आता ते रशिदाभाभींना बोलवा म्हणतील. पण नाही. डोळे न उघडताच ते म्हणाले, "तुम्ही वीस जणांचं ऐकलंय. तुमचं काय म्हणणं?"

"एकोणीस जणांचं."

"एकोणीस तर एकोणीस. सांगा."

माझ्या पाठीमागं सर ऐकत होते, सिस्टर ऐकत होत्या. मी म्हणाले, "पूर्ण सांधा घ्या."

थोडा वेळ त्यांच्या ओठांची हालचाल झाली. दुआ म्हणत असावेत. मग म्हणाले, "घाला." आणि गुजर मॅडमकडं नजर वळवून, "आता द्या ते झोपेचं. पुढचं ऐकायचं नाही मला."

पुढचं सगळं बिनबोभाट झालं. सरांनी करवतीनं गोळा कापला, तो स्टीलच्या वाडग्यात पडला. तासाभरात नवा सांधा बसला. सर माझ्याशी अवाक्षर बोलले नाहीत. शेवटी हातमोजे काढताना एवढंच म्हणाले, "टाके तू घाल." आमच्या विभागात याचा अर्थ, राग नाही. मला फार हलकं वाटलं. मी एकेक टाका असा घातला, की जणू माझ्या आईच्या साडीला फॉल लावतेय.

दुपारी जेवण झाल्यावर मी यंत्र साफ करायला घेतलं. प्रोब पाण्याखाली धरला, पुसला आणि सवयीनं टोक खिडकीच्या उजेडात बघितलं. टोकाच्या काचेवर खसखशीच्या दाण्याएवढी काळसर खपली चिकटली होती. वाळलेलं रक्त. पुसून निघालं नव्हतं.

मी यंत्र सुरू केलं आणि प्रोब माझ्या उजव्या हाताच्या मधल्या बोटावर टेकवला. खरखर. पडद्यावर शून्य. दुसऱ्या बोटावर ठेवला. शून्य. मग कापूस औषधात भिजवून टोकावर पाच मिनिटं धरला, खपली सुटली, आणि प्रोब पुन्हा त्याच बोटावर ठेवला. सूं-सूं सुरू झालं.

प्रबंधाचा माझा आराखडा कपाटात होता. तो काढून वाचला. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: 'शून्य आल्यास प्रोब बाहेर काढून पुसावा, जवळच्या स्नायूवर ठेवून यंत्राची खात्री करावी, मगच नोंद घ्यावी.' एक मिनिटाचं काम. एकोणीस पेशंटांत कधी शून्य आलंच नव्हतं, म्हणून ते कधी करावं लागलं नव्हतं. आणि ज्या दिवशी आलं, त्या दिवशी मी घड्याळ बघत बसले.

खपली केव्हा चिकटली? शून्य आलं त्याच्या आधी, की प्रोब काढताना? हे कळायला मार्ग नव्हता. गोळा बरणीत औषधात पडला होता. पण रक्त थांबल्यावर हाड मेलेलं दिसायला दिवस लागतात. कापल्या क्षणी ते जिवंत होतं एवढंच त्यातून दिसणार. मौलाभाईंच्या हाडात रक्त खरंच थांबलं होतं, की वाहत होतं आणि माझं यंत्र आंधळं झालं होतं, ते कुणालाच कधी सांगता येणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरांच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. मला वाटलं ते ओरडतील. ते बराच वेळ पेनाचं टोपण उघडत-लावत राहिले.

"खात्री करायला मीही सांगितलं नाही," ते म्हणाले. "आराखड्यावर माझीही सही आहे."

"त्यांना सांगायला हवं, सर."

"काय सांगशील?"

"की कदाचित कॅप चालली असती."

"कदाचित. आणि कदाचित चार महिन्यांत मोडली असती. यातलं तुला नक्की काय माहीत आहे? तो उद्या उभा राहील. परवा चालेल. तुझ्या कदाचितचं तो काय करणार? सांगून तुझ्या डोक्यावरचं उतरेल, वनिता. ते त्याच्या डोक्यावर जाऊन बसेल."

मी त्यांचं ऐकलं. मला ते पटलं म्हणून ऐकलं, की सोयीचं होतं म्हणून, हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही.

मौलाभाई तिसऱ्या दिवशी वॉकर धरून चालले. दीड महिन्यानं तपासणीला आले ते काठी घेऊन, सरळ पाऊल टाकत. मोहरम जवळ आला होता; रशिदाभाभींनी डब्यातून चोंगे, मोहरमच्या गुळाच्या पोळ्या, आणले होते. भरलेल्या ओपीडीत मौलाभाईंनी सगळ्यांसमोर मला हात जोडले. "दुखणं पार गेलं बघा. ताईंनी त्या दिवशी विचारलं म्हणून. नाहीतर कोण विचारतंय आम्हाला?"

चोंगे मी निवासी डॉक्टरांच्या खोलीत नेऊन ठेवले. मुलांनी खाल्ले. मी एकही घेतला नाही.

प्रबंध मे महिन्यात दिला. सर म्हणाले होते, विसावी नोंद सदोष आहे, एकोणीसच घे. मी वीस ठेवल्या. विसाव्या ओळीत आकड्याच्या जागी रेघ ओढली आणि खाली टीप लिहिली, की यंत्राची खात्री केली नव्हती. सरांनी वाचलं, माझ्याकडं एकदा बघितलं आणि सही केली. त्या संध्याकाळी मी सायकल काढून गल्लीत गेले.

दुकान अरुंद आणि लांब होतं. वर आढ्याला भोपळे टांगलेले, भिंतीला दांड्या टेकवलेल्या. जमिनीवर कुणीच नव्हतं. त्यांच्याबरोबर काम करणारा धाकटा भाऊ बाहेरगावी गेला होता. मौलाभाई खुर्चीवर बसून समोरच्या उंच टेबलावर तंबोऱ्याची घोडी कानशीनं घासत होते. चार फटके घासायचे, तारेखाली सरकवायची, तार छेडून ऐकायचं, पुन्हा काढून घासायची.

"या ताई, या! रशिदा, चहा टाक गं. डॉक्टरताई आल्यात."

"कोरायचं काम नाही करत आता?" मी विचारलं.

"केलं की महिनाभर. हे टेबल त्यासाठीच बनवून घेतलं. भोपळा दोरीनं बांधला, पण तो हलतो हो. पाय धरतात तसं दोरी धरत नाही." त्यांनी डावा तळहात दाखवला. अंगठ्याच्या बुडाशी जखमेचा लांब वण होता. "पटाशी घसरली. मग सोडून दिलं. कोरणं भावाकडं, आणि ही घोडी घासून सूर लावायची जवारी माझ्याकडं. जवारीला पाय लागत नाहीत."

सहज सांगितल्यासारखं सांगत होते. भाभी कप घेऊन आल्या, तेव्हा मी म्हणाले, "भाभी, थांबा. मला एक सांगायचंय. तुम्ही पण ऐका."

मी सगळं सांगितलं. खपली, माझं बोट, आराखड्यातली ओळ, बरणीतला गोळा. काही गाळलं नाही आणि सरांचं नावही मध्ये आणलं नाही. सांगायला पाच मिनिटं लागली असतील. त्या वेळात मौलाभाईंनी कानस खाली ठेवली नव्हती, पण चालवतही नव्हते.

"म्हणजे रक्त चालू होतं," ते म्हणाले.

"असेल. नसेलही. मला कळायला हवं होतं, ते मी बघितलं नाही."

"आवाज तर मी बी ऐकला. बंद झालेला."

"तुम्ही यंत्राचा आवाज ऐकलात. यंत्र माझ्या हातात होतं."

रशिदाभाभी कप हातात धरून तशाच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "पाच महिने झाले. आता कशाला सांगता?"

"आधीच सांगायला हवं होतं, भाभी."

"हे रोज दुपारी भावाच्या शेजारी खुर्ची टाकून बसतात, त्याचे हात बघत. नमाज खुर्चीवर. मी मनाला सांगत होते, दुसरा इलाज नव्हता, अल्लाची मर्जी. आता काय सांगू मनाला?"

 मी मौलाभाईंकडं बघितलं. मला वाटत होतं, ते काहीतरी म्हणतील. असू द्या ताई, झालं ते झालं, असं काहीतरी. लोक म्हणतात तसं. त्यांनी घोडी उजेडात धरून तिची कड पाहिली आणि म्हणाले, "ताई, एक करा. तुम्ही थोडे दिवस इकडं येऊ नका. दवाखान्यात बी मी दुसऱ्या डॉक्टरला दाखवीन. राग म्हणून नव्हे. तुम्हाला बघितलं की मला ते आठवंल."

"बरं," मी म्हणाले.

भाभींनी चहाचा कप परत आत नेला. मी बाहेर येऊन सायकलचं कुलूप काढत होते, तेव्हा आतून पुन्हा कानशीचा आवाज सुरू झाला. कोपरा वळेपर्यंत मी तो ऐकत होते.

परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी त्या रेघेबद्दल विचारलं. मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला. मी पास झाले. पुढं त्या एकोणीस जणांपैकी एकाचं हाड टोपीखाली मोडलं, पण त्याचा आकडा माझ्या वहीत चांगल्यापैकी होता. सर्वांत कमी आकडा असलेले गृहस्थ मात्र अजून कवठेमहांकाळला शेत राखतात. शिरोळकर सरांचं म्हणणं खरं होतं. किती वाहिलं की हाड जगतं, हे माझ्या यंत्राला ठाऊक नव्हतं. काही वर्षांनी टोपीचा धातू झिजून त्रास होतो असं दिसायला लागलं आणि ती पद्धतच मागं पडली. सर निवृत्त होऊन मुलाकडं बडोद्याला गेले. मी सांगलीला स्वतःचं छोटं हॉस्पिटल काढलं. मौलाभाईंच्या गल्लीत मी परत गेले नाही. थोडे दिवस म्हणजे किती, हे विचारायला कुणाकडं जाणार?

नऊ वर्षांनी, एका सोमवारी, ओपीडीच्या यादीत अकरावं नाव होतं, शिकलगार एम. एच. मी दोनदा वाचलं.

दाढी पांढरी झाली होती. उजव्या पायावर सगळा भार टाकून डावा पाय ओढत आले. मागून रशिदाभाभी, हातात कापडी पिशवी. मी उठून उभी राहिले.

"बसा ताई, बसा," ते म्हणाले. "हा डावा गेला आता. उजवा एकदम भक्कम आहे, त्याच्यावरच चाललंय सगळं."

मी त्यांना तपासलं. डावा पाय फिरवताना त्यांनी दात आवळले. बदलायलाच हवा होता, यात शंका नव्हती.

"मौलाभाई," मी म्हणाले, "सांगलीत चार जण हे ऑपरेशन करतात. माझ्यापेक्षा जास्त केलेले आहेत. मी चिठ्ठी देते."

"एकाकडं जाऊन आलो."

"मग?"

"माणूस हुशार. मशिनी नवीन, बोलणं गोड. सगळं समजावून सांगितलं. मी विचारलं, डॉक्टरसाहेब, आजपर्यंत तुमचं काय चुकलंय? म्हणाले, काही नाही."

"मग?"

"मग उठून इकडं आलो."

भाभींनी पिशवीतून एक्स-रेचं पाकीट काढून माझ्या टेबलावर ठेवलं. "हे म्हणाले म्हणून," त्या म्हणाल्या. "मी नको म्हणत होते."

मी पाकिटातून फोटो काढला आणि उजेडाला धरला.